पाच हजार डब्या आणि एक नाक

४ जानेवारी

नाकदार मामांना,
शेंबड्या भाचीचा नमस्कार.

आधी फोनच करणार होते. पण तुमच्या कारखान्यात फोन करायचा म्हणजे प्लास्टिक दळायच्या यंत्राशी गप्पा मारायच्या. मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे?" विचारलं आणि तुम्ही "चाळीस पोती!" म्हणालात. शिवाय खोकं पाठवायचंच होतं, म्हटलं चिठ्ठीही त्यातच टाकावी.

काम असं आहे. आमची कंपनी चेहऱ्याला लावायचं एक नवीन क्रीम काढते आहे. मोठ्या बाईंनी मनावर घेतलंय, की त्याची डबी वापरून फेकलेल्या प्लास्टिकचीच करायची. लोकांनी टाकलेले डबे गोळा करायचे, धुवायचे, दळायचे, वितळवायचे आणि डबी करायची. ऐकायला सोपं वाटतं. आतापर्यंत तिघांनी नमुने पाठवले. पहिल्याच्या डबीला फिनाइलचा वास, दुसऱ्याच्या डबीला कपड्यांच्या साबणाचा. तिसऱ्याची उघडली तेव्हा आमच्या वास तपासणाऱ्या पाच जणांपैकी एक जण खोलीतून जो गेला तो जेवणाच्या सुट्टीनंतरच उगवला. क्रीम तसं आत नव्या प्लास्टिकच्या पातळ वाटीत असणार. पण बाहेरची जाड डबी आणि झाकण जुन्या मालाचं. एखादी बाई हौसेने झाकण उघडणार, नाकाशी नेणार, आणि क्रीमच्या आधी तिला फिनाइल भेटणार. कोण घेईल?

सोमवारच्या बैठकीत सगळ्यांनी माना हलवल्या, हे जमणारं नाही, नवं प्लास्टिकच घेऊ. तेव्हा मी उभी राहिले आणि बोलून गेले, "माझ्या माहितीत एक नाक आहे." ते नाक माझ्या मामांच्या चेहऱ्यावर आहे हेही सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. हा शेवटचा प्रयत्न. जबाबदारी तुझी." तेव्हा मामा, आता पडलो तर दोघंही पडू.

डबीचा साचा वेगळ्या गाडीने येतोय. दोनशे नमुने हवेत. तुम्ही आजवर बादल्या आणि कुंड्याच केल्यात, पण मला काळजी नाही.

खोक्यात झाकण लावलेली एक छोटी डबी आहे. लहानपणचा खेळ. डोळे मिटायचे, हुंगायचं आणि ओळखायचं. तुम्ही कधी चुकला नाहीत, आणि मला माझ्या नाकामुळे कधी खेळता आलं नाही.

मामीला नमस्कार.
तुमची,
शेंबडी


११ जानेवारी

प्रिय शेंबडे,
अनेक आशीर्वाद आणि एक स्वच्छ रुमाल.

ज्या मुलीच्या नाकाखाली मी दहा वर्षं रुमाल धरला, ती आज वास तपासायच्या खोलीची प्रमुख झाली! जगात काय वाट्टेल ते होऊ शकतं. उद्या आमचा दळणवाला गवई होईल. (दळणवाला म्हणजे ग्राइंडर चालवणारा. त्याला सगळे तेच म्हणतात, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं.)

दोनशे डब्या पाठवतोय. रंग पांढराशुभ्र येणार नाही, आधीच सांगतो. फिकट राखाडी येतो आणि मधूनच एखादा काळा ठिपका. जाळीतून कितीही गाळा, एखादा चुकार कण निसटतोच. पण वासाचं म्हणशील तर बेलाशक नाक खुपस.

तुमच्या बाईंना माझी पद्धत सांग. भंगारवाला पोती टाकून जातो. दह्याचे डबे, आइस्क्रीमचे डबे, झाकणं. मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतो. प्रत्येक पोत्यातला एक डबा काढायचा, दोन्ही तळव्यांत चोळून गरम करायचा आणि हुंगायचा. प्लास्टिकही माणसासारखंच, तापलं की खरं बोलतं. मग मी म्हणतो "पास", आणि ते पोतं दळायला जातं. भंगारवाला माझ्या नाकाला इतका वचकून आहे, की गेल्या सात वर्षांत मला एकही पोतं नापास करावं लागलेलं नाही!

तुझी डबी. खोकं मामीने उघडलं आणि डबी माझ्या हातात दिली. देता देता तिला एकदम तिची दाढ आठवली. म्हणाली, "दाढेत लवंग धरायला हवी." बायकांना कुठल्या वेळी काय आठवेल याचा नेम नाही. मी डबी उघडली, नाकाशी नेली आणि तत्काळ सांगितलं: लवंग! काय, बरोबर ना?

एक गोड बातमी. तुझ्या ताईचे दिवस भरत आले. बाविसाव्या तारखेला मामी तिच्याकडे जाईल, ती दोन महिन्यांसाठी. मी इथे एकटा. पण एकट्याने कारखाना चालवायला मला काय धाड भरलीय?

तुझा,
मामा


२० जानेवारी

मामा! मामा! मामा!

पास!

सगळं नीट सांगते. आमच्या खोलीला खिडकी नाही. पाच जण बसतात. त्या दिवशी अत्तर लावायचं नाही, कांदा खायचा नाही, भांडूनही यायचं नाही, कारण चिडलेल्या माणसाला सगळ्यातच वास येतो. डब्या तीन तास उबदार कपाटात ठेवायच्या आणि मग उघडायच्या. शून्य म्हणजे काही नाही, पाच म्हणजे पळा. तुमच्या डब्यांना चार शून्य आणि एक अर्धा मिळाला. तो अर्धा देणारे गृहस्थ स्वतःच्या लग्नातही खुश नव्हते म्हणे.

रंगावरून जरा तणातणी झाली. बाई म्हणाल्या, "चेहऱ्याच्या क्रीमच्या डबीवर काळे ठिपके?" मी म्हटलं, "ठिपके नाहीत बाई, तीळ आहेत. गालावर एखादा असला की माणसं वळून बघतात." बाई हसल्या. बाई हसल्या की काम झालं. प्रत्येक डबीवरचा तीळ वेगळ्या जागी, असं जाहिरातीतच लिहायचं ठरलंय.

आता ऐका. आधी हजार डब्यांचं बोलणं होतं. पण मी इतकी फुगले होते, की पाच हजारांना हो म्हणून बसले. पंधरा फेब्रुवारीपर्यंत हव्यात. त्यांतल्या कुठल्याही दहा उघडून पुन्हा तपासणार. त्या पास झाल्या की यापुढे कंपनीची सगळी क्रीमं तुमच्या डब्यांत. नापास झाल्या की जुन्या प्लास्टिकचं नाव पुन्हा काढायचं नाही, असं बाईंनी चारचौघांत सांगितलंय. माझ्याकडे बघून.

लवंग अगदी बरोबर! यावेळची डबी अवघड नाही, मला हसायचं आहे म्हणून पाठवली आहे.

मामीला प्रवासाच्या शुभेच्छा. ताईला सांगा, बाळाचं नाक आधी बघ म्हणावं.

तुमची,
पास झालेली शेंबडी


२८ जानेवारी

प्रिय शेंबडे,

पाच हजार काय, पन्नास हजार सांग!

मामी गेली. जाताना तिने मला कमी आणि दळणवाल्याला जास्त सूचना दिल्या. घरात शांतता आहे. पहिल्या दिवशी दूध जरा लागलं. मी पेपर वाचत होतो, तर शेजारीण दार ठोठावून ठोठावून आत आली, म्हणाली, "अहो, घराला आग लागलीय का?" लोकांना दुसऱ्याच्या घरात शिरायला निमित्तच लागतं. पातेलं फेकून दिलं आणि विषय मिटवला.

तुझी डबी आली. हिला म्हणतात सोपी! गुलाब. इतक्या लांबून मामासाठी गुलाब पाठवलास, हसायचं त्यात काय? मला तर भरूनच आलं.

काम जोरात आहे. घरातली पोती संपली म्हणून भंगारवाल्याला नवीन आणायला लावली. माल एकदम पांढरा, दिसायला नवरीसारखा. मी शिरस्त्याप्रमाणे हुंगलं आणि पास केलं. त्यावर आमचा दळणवाला तोंडावर फडकं बांधून म्हणतो, "मालक, काकू येईपर्यंत थांबू या का?" मी म्हटलं, काकू काय दळायला येणार आहे? तर म्हणे, "नाही, पण जरा बघितलं असतं." मी विचारलं, "नाक माझं की तुझं?" त्याने फडकं आणखी घट्ट बांधलं आणि यंत्र सुरू केलं. हल्ली माणसं फार आगाऊ झालीत.

बारा तारखेला ट्रक निघेल. बाईंना म्हणावं, बिनधास्त उघडा.

तुझा,
मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

काल ट्रक आला. सकाळी नऊला खोकी दाराशी उतरवली. आमच्या पहारेकऱ्याचा एक बोका आहे, त्याला आम्ही मॅनेजर म्हणतो, कारण तो कुणाकडे बघत नाही आणि दिवसभर झोपतो. चार वर्षांत मी त्याला धावताना पाहिलं नव्हतं. काल तो धावला. तुमच्या खोक्यावर चढून बसला आणि कुणी हात लावला की गुरगुरायला लागला. साडेनऊला त्याचे दोन मित्र आले, त्यांना मी ओळखतही नाही.

मासे, मामा. डब्यांना माशांचा वास आहे. नुसत्या हातात धरल्या तरी थोडा, आणि उबदार कपाटातून काढल्यावर तर खोलीत मासळीबाजार भरला. पाच जणांनी पाच-पाच गुण दिले. स्वतःच्या लग्नातही खुश नसलेले ते गृहस्थ काल पहिल्यांदाच हसले. बाई काही बोलल्या नाहीत. बाई बोलल्या नाहीत की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या त्या "दिसायला नवरीसारख्या" पोत्यांत मासळीबाजारातले डबे होते ना? शेंबडं पोरही सांगेल. मामा, तुम्हाला कळलं नाही असं तर होऊच शकत नाही. म्हणजे तुम्ही कळून पास केलंत. घाई झाली म्हणून. "भाचीच तर आहे, घेईल सांभाळून" म्हणून. मला फार लागलंय हे. मी तुमच्या नाकावर माझं नाव लावलं होतं.

आणि ती डबी. तिच्यात लसूण होता. सोललेल्या सहा पाकळ्या. गुलाब कसला? माझी चेष्टा करायची हीच वेळ सापडली?

मी रडून, भांडून एक शेवटची तारीख मिळवली आहे. पंधरा मार्च. नवीन पाच हजार. तीही हुकली तर यापुढे कुणी मला विचारणारसुद्धा नाही.

शे.


२० फेब्रुवारी

चि. भाचीस,

पत्र पोचलं. तीस वर्षं या धंद्यात आहे. माझ्या नाकावर आजवर कुणी शंका घेतली नाही आणि आता बोक्याने घ्यावी?

ट्रकवाल्याने आदल्या फेरीला मासे नेले असतील. किंवा तुमच्या खोलीला खिडकी नाही म्हणालीस, तिथेच काहीतरी कुबट असेल. पाच जण एका बंद खोलीत बसले की आणखी काय होणार? पोती मी स्वतः हुंगली होती. नाचता येईना, अंगण वाकडं!

लसणाचं म्हणशील तर तो जुना असेल. जुना लसूण गुलाबासारखा येतो. कधीकधी.

डब्या परत पाठव. मी बघतो.

मामा


२३ फेब्रुवारी

प्रिय मामी,

ताईला मुलगी झाली हे कळलं आणि आनंद झाला. बाळासाठी झबली पाठवतेय, मोठी वाटली तर ठेवून दे, बाळं पटकन वाढतात.

बाळाच्या घरात कुरकुर आणू नये, पण तुझ्याशिवाय विचारू कुणाला? मामा बरे आहेत ना? त्यांनी मासळीबाजारातल्या डब्यांची पोती पास केली आणि पाच हजार डब्यांना माशांचा वास लागला. दूध जळून शेजारीण धावत आली तरी ते पेपर वाचत होते. आणि मी लसूण पाठवला तर म्हणाले, गुलाब. आधी मला राग आला. त्यांना तसं लिहूनही टाकलं, फार वाईट लिहिलं. मग काल त्यांचं उत्तर वाचलं, "जुना लसूण गुलाबासारखा येतो." मामी, मामा चिडले की चार पानं लिहितात. हे पत्र अर्ध्या पानाचं आहे. घाबरलेल्या माणसाचं आहे.

खरं काय ते सांग.

तुझी,
शेंबडी


२७ फेब्रुवारी

बाळ,

झबली छान बसली. मुलगी मामांवर गेली आहे, रडताना एक भुवई वर करते.

आता खरं ते सांगते. तुझ्या मामांना वास येत नाही. आज नाही, सात वर्षांपासून. तेव्हा मोठा ताप आला होता, ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी व्हिनेगरची बाटली त्यांच्या नाकाखाली धरली, तर म्हणाले, "पाणी नको, चहा कर."

काय करणार होते मी? पंचवीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस. चार गावांचे लोक मालाचा नमुना घेऊन यांच्या नाकाशी यायचे. नाक गेलं ते गेलं, ताठ मान तरी राहू दे म्हटलं. तेव्हापासून पोती मी आधी बघते. यांची आंघोळ होऊन हे फाटकाशी येईपर्यंत माझं आवरलेलं असतं. वासाचा माल मागच्या शेडमध्ये, त्याच्या कुंड्या आणि बादल्या होतात. चांगला माल पुढे. मग हे येतात, खुर्चीत बसतात, हुंगतात आणि म्हणतात "पास". दळणवाल्याला माहीत आहे. भंगारवाल्यालाही माहीत आहे. शेजारणीलाही अंदाज आहे. माहीत नाही ते फक्त यांना.

लवंग मीच सांगितली होती. माझी दाढ ठणठणीत आहे.

निघताना मी हजार डब्यांपुरती पोती निवडून ठेवली होती. तू पाच हजार केलंस. तुझी चूक नाही, तुला काय माहीत. चूक माझीच असेल तर आहे. माणसाला सांभाळावं, पण इतकं नाही की त्याला स्वतःचं खरंही कळू नये. इथे बाळाला मांडीवर घेऊन बसले की हे सुचतं.

पुढच्या आठवड्यात येते मी. ताईची सासू इथे आहे, चांगली आहे. एकेक पोतं बघून देईन, पंधरा मार्च चुकणार नाही. पण एक कर. मी सांगितलं असं यांना कळू देऊ नकोस. त्यांचं त्यांना बोलू दे. तू लिही त्यांना, तुझं ऐकतात.

मामी


२ मार्च

प्रिय मामा,

मागचं पत्र फाडून टाका. मी फार वाईट लिहिलं. तुम्ही मला फसवाल असं माझ्या मनात आलं, याची मला लाज वाटते.

आमच्या खोलीतली एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. दाराशी एक टेबल आहे, त्यावर कॉफीची बाटली. रोज सकाळी आत जाण्याआधी प्रत्येकाने ती हुंगायची. वास आला तर आत यायचं. नाही आला तर वहीत आपल्या नावापुढे लिहायचं, "आज नाक रजेवर", आणि त्या दिवशी दुसरं काम करायचं. मोठ्या बाईसुद्धा लिहितात. मागच्या महिन्यात सर्दीने मी सलग तीन दिवस लिहिलं. कुणी हसलं नाही. म्हणजे एक जण हसला, पण तो माझ्या टोपणनावाला.

एका नाकावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून तर आम्ही पाच जण बसतो. तुम्हाला मात्र सगळ्यांनी एकट्यालाच बसवलं, आणि त्यात मीही आले.

मामा, तुमचं नाक रजेवर असेल तर मला सांगा. किती दिवसांची रजा ते नाही सांगितलंत तरी चालेल. मला डबी हवी आहे, खूप हवी आहे. पण मामा आधी हवेत.

तुमची,
शेंबडी


७ मार्च

प्रिय शेंबडे,

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरलो. दळणवाल्याने विचारलं, "मालक, कोर्टाची नोटीस आहे का?"

नाक रजेवर आहे. सात वर्षं झाली. परत येईलसं वाटत नाही.

पहिलं वर्ष मी रोज सकाळी कॉफीच हुंगायचो. तुमच्या बाटलीसारखीच. आज येईल, उद्या येईल. मग सोडून दिलं. सांगितलं नाही, कारण सांगून काय उरलं असतं? फाटकाजवळच्या खुर्चीत बसलेला एक म्हातारा. रोज भीती वाटायची, आज पकडला जाईन. पण पोती बरोबर निघायची! एकेक करत सगळी. हळूहळू मला वाटायला लागलं, की नाकाची गरजच नसते, अनुभवाचा हात लागला की पुरे. खोटं बोलता बोलता ते मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं, शेंबडे. लसणाला गुलाब म्हणालो तेव्हाही मला वाटलं होतं की माझ्या मनात आलंय म्हणजे गुलाबच असणार. आणि तुझं नाव पणाला लागलंय हे माहीत असून मी ते केलं. त्याची माफी मागतो. मामाने भाचीची मागावी तशी नाही, माणसाने माणसाची मागावी तशी.

परवा मामी आली. तिची पिशवी खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं, "मला वास येत नाही." तिने चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "अगंबाई! हो का?" मग माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. पायरीवर बसून हसली. हसता हसता रडली. मग सगळं कळलं. दाढसुद्धा.

मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. अपमान वाटला. संध्याकाळी वाटलं, सात वर्षं रोज पहाटे उठून पोती उचलणाऱ्या बाईशी मी कुठल्या तोंडाने रुसतोय? तिच्या कंबरेला पट्टा आहे, तो मला आजवर थंडीसाठी वाटायचा.

काल सकाळी फाटकाजवळची खुर्ची मी तिला दिली. पोती मी उचलतो. तिने पहिल्या तासात सतरा पोती नापास केली! भंगारवाला उन्हात उभा राहून माझ्याकडे केविलवाणं बघत होता. मी म्हटलं, "बाबा रे, नाक तिचं आहे." हे म्हणायला जेवढं जड जाईल वाटलं होतं तेवढं गेलं नाही. थोडं गेलं.

डब्या दहा तारखेला निघतील. ट्रकमध्येही मामी आधी चढून बघणार आहे.

तुझा,
मामा


१६ मार्च

प्रिय मामा आणि प्रिय मामी,

आधी मॅनेजरचं सांगते. खोकी उतरली, तो आला, एका खोक्याभोवती फिरला, माझ्याकडे अतिशय दुखावल्या नजरेने बघितलं आणि झोपायला निघून गेला. मला तिथेच कळलं.

पाच शून्य! लग्नात खुश नसलेल्या गृहस्थांनीसुद्धा. त्यांनी डबी तीनदा हुंगली, उलटी केली, झाकण वेगळं हुंगलं, आणि हरल्यासारखं शून्य लिहिलं. बाईंनी डबी हातात घेतली, तिच्यावरचा तीळ बघितला आणि स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवली. सगळी क्रीमं याच डब्यांत. ठरलं.

सोबत कंपनीचा कागद आहे. "वास तपासणार" असं लिहिलंय तिथे सही करून पाठवा. सही कुणाची ते मी सांगायला नको.

आणि खेळाची डबी ठेवली आहे. झाकण घट्ट लावलंय. मामी, यावेळी दाढ दुखवायची नाही. मामांनी एकट्याने ओळखायचं.

तुमची,
शेंबडी


२१ मार्च

प्रिय शेंबडे,

कागद परत पाठवतोय. सही मामीची आहे. सातव्या प्रयत्नाला तिला बरी वाटली, आधीचे सहा दळणवाल्याच्या वहीत आहेत. त्याखाली "पोती उचलणार" असा एक रकाना मी हाताने आखलाय आणि तिथे माझी सही केली आहे. तुमच्या बाईंना चालत नसेल तर खोडून टाका, पण मला राहिलेली आवडेल. माशांच्या डब्या दळून त्यांच्या कुंड्या केल्या. एक मॅनेजरसाठी पाठवतोय, बिचाऱ्याची फार निराशा झाली असेल.

आता तुझी डबी. खोकं मी उघडलं. मामी समोर बसली, तोंडावर हात धरून, चुकून काही बोलायला नको म्हणून. मी डोळे मिटले. जुन्या सवयीने मनात आधी अंदाज यायला लागले. शेंबडी काय पाठवेल, वेलदोडा पाठवेल, साबण पाठवेल, मागच्या वेळी लसूण म्हणजे आता कांदा. ते सगळे बाजूला सारले. डबी तळव्यांत चोळली, चांगली गरम होईपर्यंत. मग झाकण काढलं आणि पोटभर श्वास घेतला.

सात वर्षं ज्या वाक्याला घाबरत होतो ते मी म्हटलं. "मला काहीच वास येत नाही."

मामीने डबी माझ्या हातातून घेतली. हुंगली, पुन्हा हुंगली. रिकामी होती, आपलीच, पास झालेल्यांतली.

"मलाही नाही," ती म्हणाली.

तुझा,
मामा